मांड्यांचा गहू

मी संशयी माणूस आहे. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतो, दूधवाल्यासमोरच दुधात बोट घालतो, आणि कुणी विनाकारण गोड बोलायला लागलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. आई म्हणायची, हा पाळण्यातसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. आमच्या खानदेशात हा स्वभाव फारसा उठूनही दिसत नाही. दारात आलेल्या अनोळखी माणसाला आम्ही पाणी देतो, पण तो पाणी पीत असतानाच त्याचं गाव, आडनाव आणि येण्याचं खरं कारण काढून घेतो. मला आजवर या स्वभावाचा फायदाच झाला, असं मी लोकांना सांगतो. एकदा मात्र त्याने मला असं तोंडघशी पाडलं, की ते आठवलं तरी मला आजही गप्प बसावंसं वाटतं.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि धुळ्यात एका सरकारी शेती-संशोधन केंद्रात, गव्हाच्या एका प्रकल्पावर मला मदतनिसाची तात्पुरती नोकरी लागली होती. प्रकल्पाचे प्रमुख आमचे सर विदर्भातले होते. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, बुटाला रोज पॉलिश करणारे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून गहू शिकवला. म्हणाले, गव्हाच्या एका पेशीत तीन वेगवेगळ्या गवतांचा वारसा आहे, तीन भाऊ एकत्र कुटुंबात राहावेत तसा. चूल एक, पण प्रत्येकाचं सामान वेगळं. या सगळ्या सामानाला मिळून जीनोम म्हणतात आणि तो माणसाच्या जीनोमपेक्षा कितीतरी मोठा आहे.

माझा विश्वास बसला नाही. पोळीला लागणारी वस्तू ती खाणाऱ्यापेक्षा गुंतागुंतीची कशी असेल? मला वाटलं, प्रकल्प लांबावा म्हणून हा माणूस गव्हाला मोठेपणा देतोय. पुढे वाचल्यावर कळलं की सर बरोबर होते. तरी पहिला संशय मनातून पुरता गेला नाही, कारण तो जायला मीच तयार नव्हतो.

सरांचं म्हणणं साधं होतं. बुटके, भरघोस पिकणारे नवे गहू आल्यापासून खेड्यांतले जुने, उंच गहू झपाट्याने नाहीसे होताहेत. त्यांच्यात तांबेरा रोगाला दाद न देणारा किंवा पिठाला ताण देणारा एखादा गुण लपलेला असू शकतो. तो कुठल्या भावाच्या सामानात आहे हे शोधायचं, आणि त्यासाठी आधी बी गोळा करायचं. मग आम्ही जीप घेऊन गावोगाव हिंडायला लागलो. सोनगीर, पारोळा, तापीकाठची गावं. सर अगदी नम्रपणे एक ओंजळ बी मागायचे आणि समोरचा माणूस एकदम सावध व्हायचा.

त्याला कारणही होतं. तेव्हा वर्तमानपत्रांत बियाण्याच्या पेटंटचीच चर्चा असायची. परदेशी कंपन्या आपलं बी नेणार, त्यावर हक्क सांगणार, पुढे पेरायला त्यांची परवानगी लागणार, असं पारावर बसलेला माणूससुद्धा बोलायचा. सोनगीरला एका आबांनी सरांना तोंडावर ऐकवलं, "आज मूठभर लई जाशात आनि उद्या आम्हलेच इकशात." सर हसले आणि म्हणाले, आम्ही सरकारी माणसं आहोत. त्यावर आबा म्हणाले, "तेच ते." शेवटी त्यांनी दिलं खरं, पण ते बी तीन जातींची मिसळ निघालं. घरातल्या कोंबड्यांसाठी काढून ठेवलेलं असावं.

खरं सांगायचं तर मी मनातून त्या आबांच्या बाजूने होतो. सरांच्या टेबलावर परदेशी तिकिटांची पाकिटं यायची. एकदा त्यांनी माझ्याच हातून एक लहानसं पार्सल पोस्टात टाकायला पाठवलं, आत काय आहे ते सांगितलं नाही. मी ते कानाशी धरून हलवून पाहिलं. दाणे वाजले नाहीत. तरीही कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटत राहिलं.

जुना उंच गहू म्हटल्यावर मला आधी अक्काच आठवली होती. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. पारोळ्याजवळच्या खेड्यात एकटी राहायची. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, शेत दीर-पुतणे कसायचे. पण विहिरीजवळचा एक पट्टा तिने हट्टाने स्वतःकडे ठेवला होता आणि त्यात ती दरवर्षी तिचा गहू पेरायची. त्या गव्हाला दुसरं नाव नव्हतं. मांड्यांचा गहू, बस. अक्का पंचक्रोशीत मांडे करणारी म्हणून प्रसिद्ध होती. लग्नकार्यात तिला गाडी पाठवून नेत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायची. आरपार दिसेल इतका पातळ मांडा, पण फाटत नसे. लोक तिच्या हाताचं कौतुक करत. ती म्हणायची, "हातनं काय नही. हाऊ गहू हातले ऐकस."

मी सरांना हे बरेच महिने सांगितलं नाही. मग एकदा, माझ्या नोकरीच्या कराराची मुदत वाढायची होती त्या सुमारास, सांगून टाकलं. सरांचे डोळे चमकले. पीठ ताणलं जाणं हा गुण गव्हातल्या काही विशिष्ट प्रथिनांमुळे येतो, आणि ती बनवण्याची जबाबदारी ज्या जनुकांवर असते त्यांचाच ते शोध घेत होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात आम्ही अक्काकडे गेलो. माहेरवाशिणी आल्या होत्या, गल्लीत झोके बांधले होते. अक्काने सरांना ओट्यावर बसवलं आणि उलटतपासणी घेतली.

"सायेब, इतला लांबथून गहूसाठे उनात?"

सरांनी सांगितलं की हो, गव्हासाठीच.

"ह्या गहूनं काय करशात तुम्ही?"

सरांनी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. दाण्याच्या आत काय आहे ते बघणार, आणि चांगलं निघालं तर ते नव्या गव्हात आणायचा प्रयत्न करणार. अक्काने मान डोलावली, पण तिचे डोळे सरांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर होते. "बरं, चहा ठेवस," म्हणून ती आत गेली. चहाला फार वेळ लागला. दूध संपलं असेल, शेजारून आणत असेल, असं मला वाटलं.

चहा झाल्यावर सर जीपकडे गेले आणि अक्काने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे दोन गाठोडी ठेवलेली होती. "हाई सायेबनं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आनि हाई तुन्हं. तुन्हा घर ठेव. सायेबले दखाडू नको." सरांचं गाठोडं हाताला कोमट लागलं. चुलीजवळ ठेवलं होतं म्हणून असेल, असं वाटलं. माझं मी पिशवीत तळाशी घातलं आणि वर टॉवेल टाकला.

परतीच्या वाटेवर मला खूप मजा वाटत होती. अक्काने सरकारला बनवलं होतं. खरा गहू मला दिला होता आणि सरांना बाजारातला कुठलातरी. माझीच मावशी ती. सर मागच्या सीटवर ते गाठोडं मांडीवर घेऊन, एखादं तान्हं मूल सांभाळावं तसं बसले होते आणि मी पुढे बसून गालातल्या गालात हसत होतो. घरी आल्यावर माझं गाठोडं आईच्या फडताळात एका रिकाम्या डब्यात ओतलं. आई म्हणाली, अक्काचा गहू का? मी म्हटलं, हो, असू दे.

केंद्रात बियाण्याची खोली सांभाळायला एक वयस्कर गृहस्थ होते. जुन्या धुळ्यातले, मुसलमान. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं की पिशव्यांवरची लेबलं पाहुणे हातात घेऊन बघत. अक्काच्या गव्हाला त्यांनी लेबल लावलं, नमुना सतरा.

मग आमची पद्धत सुरू झाली. प्रत्येक दाण्याचे ब्लेडने दोन तुकडे करायचे. कोंबाकडचा अर्धा ओल्या कागदावर काचेच्या बशीत ठेवायचा, म्हणजे त्याचं रोप होईल. दुसरा अर्धा कुटून, रसायनात विरघळवून, दोन काचांमधल्या थरात सोडायचा आणि त्यातून वीज सोडायची. प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणे खाली सरकतात आणि नंतर रंग दिला की निळे पट्टे दिसतात. अर्ध्या दाण्याने गुण सांगायचा आणि उरलेल्या अर्ध्याने वंश चालवायचा. मला ही पद्धत आवडायची, कारण तिच्यात कुणावर विश्वास ठेवावा लागत नसे. त्या उन्हाळ्यात धुळ्याची वीज सारखी जायची आणि सतराच्या दोन काचा मधेच वीज गेल्याने फुकट गेल्या. तिसरी नीट उतरली.

सर बराच वेळ ती काच उजेडाकडे धरून उभे होते. मग त्यांनी मला बोलावलं. वरच्या बाजूला एक पट्टा होता, बाकी कुठल्याच नमुन्यात नव्हता. "तुमच्या मावशींच्या हाताला जे कळतं, ते हे असावं," ते म्हणाले. "हा पट्टा माझ्या पाहण्यात नाही."

मी मात्र चक्रावलो. म्हणजे सरांना दिलेला गहूच खरा होता. मग माझा कुठला? मी दोन दिवस विचार केला आणि माझ्या पद्धतीने निष्कर्ष काढला. एक तर दोन्ही गाठोडी सारखीच, किंवा अक्काने साहेबासमोर लाज राखायला चांगला गहू त्यांना दिला आणि घरच्याला काय चालतं म्हणून बाजारचा मला. दुसरी शक्यता मला जास्त पटली, आणि थोडा रागही आला. त्याच आठवड्यात आईने विचारलं, "घरमातला गहू सरी गया. अक्काना दळी आनू का?" मी पेपरमधून मान वर न करता म्हटलं, आण दळून.

पोळ्या छान झाल्या. मऊ, आणि दुसऱ्या दिवशीही मऊ. मी आईला तसं म्हटलंसुद्धा. सुमारे तीन आठवडे आम्ही त्या पोळ्या खाल्ल्या. आई, धाकटी बहीण आणि मी.

दरम्यान बशांमध्ये काहीच होत नव्हतं. बाकीच्या नमुन्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी मुळं फुटली. सतराचे अर्धे दाणे नुसते फुगले आणि मग त्यांच्यावर बुरशी आली. सरांनी पुन्हा दाणे कापले. पुन्हा बुरशी. मग त्यांनी न कापलेले अख्खे पन्नास दाणे ओल्या फडक्यात ठेवले. एकही उगवला नाही. सर आठवडाभर जेवणाचा डबा न उघडता परत नेत होते.

आता माझ्या स्वभावाला काम मिळालं. ताजं बी मरतं कसं? कुणीतरी काहीतरी केलं असणार. आधी मला सरच दिसले. चांगलं बी परदेशी पाठवून मेलेलं आम्हाला दाखवत असतील. पण त्यांचा चेहरा बघून ते टिकेना. मग चाचा. बियाण्यातला ओलावा मोजायला त्यांच्या खोलीत एक ओव्हन होता. त्या ओव्हनवर पिशवी राहिली असेल तर बी मरणारच. एके दुपारी मी सरांना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "चाचांच्या खोलीत ओव्हनवर पिशव्या पडलेल्या असतात कधीकधी." खरं म्हणजे मी एकदाच एक रिकामी पिशवी पाहिली होती. दुसऱ्या दिवशी सरांनी चाचांकडून खोलीच्या किल्ल्या मागून घेतल्या. चाचांनी त्या काढून टेबलावर ठेवल्या आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

ते मुसलमान होते म्हणून माझा संशय त्यांच्यावर इतक्या लवकर जाऊन बसला का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. त्या वर्षांत गावागावांत हवाच तशी होती, असं म्हणून मला सुटता येईल. पण सगळ्या जगाची चौकशी करणाऱ्या माणसाने स्वतःची चौकशी करू नये, याची मला लाज वाटते.

सरांनी मला अक्काकडे आणखी बी आणायला पाठवलं. आषाढ लागला होता. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी सांगितलं की साहेबांचं बी उगवत नाही, अजून एक ओंजळ दे. ती माझ्याकडे बघून हसली. मी तिला इतकं खुशीत क्वचितच पाहिलं होतं.

"कसं उगी?" ती म्हणाली. "चहा व्हयेलोंग खापरवर ठेई दिधं व्हतं मी ते."

मग तिने मला जे सांगितलं, ते मला लहानपणीच्या सुट्ट्या त्या घरात काढूनही माहीत नव्हतं. दारी आलेल्याने बी मागितलं तर नाही म्हणायचं नाही, घराला बोल लागतो. पण परक्याला जिवंत बी द्यायचंही नाही, घरची बरकत जाते. म्हणून तिच्या सासूने तिला शिकवलं होतं, की दाणा खापरावर थोडा शेकायचा. रंग बदलता कामा नये, फुटता कामा नये, नुसता हाताला चटका बसेपर्यंत. खायला चांगला, दिसायला चांगला, पेरायला मेलेला. मागणाऱ्याचा मान राहतो आणि बी घरात राहतं. सोयऱ्यांनासुद्धा असंच दिलं जायचं आणि तेही असंच द्यायचे. यात कुणाला फसवणूक वाटत नसे.

मी विचारलं, मग घरात उरलं असेल ना?

"आते कोठे? पुतन्यासनी तो पट्टा कपाशीले लिधा. व्हतं तितलं लगीनमा सरनं. दोनच गाठोडा ऱ्हायनात, एक सायेबले दिधं." मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुन्हं जितं शे. तू गहूना हापिसमा शे, तुलेच समजी. दिवाळीनंतर पेरजो."

मी हो म्हटलं.

धुळ्याला पोहोचलो ते थेट स्वयंपाकघरात. डबा घासून पालथा घातलेला होता. आई म्हणाली, अरे, कालच संपला. मी गिरणीत गेलो, फडताळाच्या फळ्या काढल्या, आईने पाखडून टाकलेलं जिथे चिमण्या टिपायच्या तिथली माती चाळली. तीन दाणे मिळाले. दिवाळीनंतर कुंडीत लावले. एक उगवला, आणि हिवाळ्यात ओंबी आल्यावर कळलं की तो बुटका होता. दुकानातून आणलेला, आधीच्याच डब्यातला कुठलातरी. आईला मी काही बोललो नाही. तिने मला विचारलं होतं.

सरांना मी अर्धंच सांगितलं. मावशीने बी शेकून दिलं होतं, एवढंच. ते आधी हसले, मग खुर्चीत मागे रेलले. "चूक माझीच," ते म्हणाले. "मी त्यांच्याकडे फक्त मागायला गेलो." त्यांनी स्वतः जाऊन चाचांना किल्ल्या परत दिल्या आणि माझ्यासमोर त्यांची माफी मागितली. मी मागितली नाही. चाचा त्यानंतरही माझी लेबलं तितक्याच सुंदर अक्षरात लिहून द्यायचे, पण रोज चार वाजता आम्ही दोघं मिळून घ्यायचो तो चहा बंद झाला. दुसऱ्या गाठोड्याबद्दल सरांना कधीच कळलं नाही. त्यांच्या अहवालात सतराच्या पट्ट्यांचा फोटो आहे आणि खाली एक ओळ आहे, बी उपलब्ध नाही. आता तर म्हणे गव्हाचा अख्खा जीनोम वाचून झालाय, कुठल्या भावाच्या सामानात काय ते सगळं. ती बातमी वाचली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी पेपर घडी करून ठेवून दिला.

खरी फजिती पुढेच होती. त्या हिवाळ्यात अक्काने विचारलं, गहू पेरला का? मी म्हटलं, पेरला. सरकारी शेतात, तारेच्या कुंपणात. पुढच्या आखाजीला तिने विचारलं, कसा शे? मी म्हटलं, चांगला शे अक्का. मग ती म्हणाली, एकदा दाखवायला ने. मी म्हटलं, आत जायला परवानगी लागते. ती लगेच मानली. पोस्टमनकडून आलेली मनिऑर्डर दोन माणसांकडून वाचून घेणारी बाई माझं सगळं खरं मानत होती. शेजारणींना सांगायची, मन्हा गहू सरकारना वावरमा शे, पोऱ्या सांभाळस. तीन वर्षं मी हे चालू दिलं. दरवेळी वाटायचं, पुढच्या खेपेला सांगू.

तिसऱ्या वर्षी बहिणीचं लग्न ठरलं. अक्का मांडे करायला येणार हे गृहीतच होतं. महिनाभर आधी तिचा निरोप आला, तुझ्या गव्हातला दोन पायली गहू दळून ठेव, पोरीच्या लग्नात मांडे आपल्याच गव्हाचे व्हायला पाहिजेत. आता तरी सांगावं, असं मनात आलं. पण लग्नघर, पाहुणे, बहिणीचा चेहरा. मी जळगावला गेलो. धुळ्यात कुणी ओळखीचा बघेल, ही भीती त्यातही होती. मोंढ्यात चार दुकानं फिरलो, दाणे दाताखाली फोडून पाहिले, ओल्या पिठाचे गोळे ताणून पाहिले आणि त्यातल्या त्यात चांगला गहू घेतला. आईने तो धुतला, वाळवला, दळून फडक्यातून चाळला. पीठ पांढरंशुभ्र दिसत होतं. मला खरंच वाटलं, खपून जाईल.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात चूल पेटली. खापर तापलं. अक्काने कणीक तिंबली, आपटली, पुन्हा तिंबली. बायका भोवती बसल्या होत्या. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, निघून जावं असं वाटत असूनही. तिने पहिला गोळा हातावर घेतला, दोनदा फिरवला, आणि तो मनगटापाशीच फाटला. पुरण खाली सांडलं. कुणीतरी म्हणालं, वय झालं अक्काचं. तिने दुसरा गोळा घेतला. तोही फाटला.

मग तिने परातीतली चिमूटभर कणीक घेतली, दोन बोटांत ओढली, नाकाशी नेली, आणि मान वर करून बायकांमधून बरोबर मला शोधलं.

"हाऊ कोठला?"

"जळगावना," मी म्हणालो.

"मंग आपला?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. बहीण हळदीच्या अंगाने दारात उभी होती. आता खोटं बोलायलाही जागा नव्हती. "दळी टाका व्हता अक्का," मी म्हणालो. "त्याच वरीसले. पेराच नव्हता."

हाताला लागलेली कणीक तिने निवांतपणे सोडवून परातीत टाकली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मग बायकांना म्हणाली, मांडे होणार नाहीत, पुरणपोळ्या लाटायला घ्या. पोळपाट आले, बायका सरकून बसल्या, पुन्हा बोलणं सुरू झालं. मी तिच्याजवळ जाऊन खाली बसलो. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. माझ्याकडे न बघता, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "मन्हीच चूक व्हयनी. जितं गाठोडं त्या सायेबले देवाले पाहिजे व्हतं."